पांचवें चाक : फिरत्या घराचा सांधा

घर सोडून प्रवासाला निघण्याची हौस जगांत सर्वत्र आहे. घर बरोबर घेऊनच प्रवासाला निघण्याची हौस मात्र अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जितकी फोफावली, तितकी क्वचित् दुसरीकडे आढळेल. त्या देशांतील हमरस्त्यांवरून उन्हाळ्याच्या दिवसांत जाणाऱ्याच्या दृष्टीस एक विशिष्ट घाटाचें वाहन वारंवार पडतें. पुढें उघड्या हौद्याचा पिकअप ट्रक आणि मागें तीस-पस्तीस फूट लांबीचें चाकांवरचें घर. या घराचा पुढचा भाग उंच उचललेला असतो व तो ट्रकच्या मागें नुसता अडकविलेला नसून थेट हौद्यावर ओणवून टेकलेला असतो. त्या उंच भागांत बहुधा निजण्याची खोली. मागें स्वयंपाकघर, न्हाणीघर, बैठक, असा सगळा संसार. याला तेथें ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पांचवें चाक, असें म्हणतात. मुलालेकींकडे अमेरिकेंत जाऊन राहणाऱ्या मराठी आईवडिलांनाही हें वाहन दिसतें, आणि एवढें अवजड घर हौद्यांतल्या एका खुंटाला अडकून सुरक्षित कसें जातें, असा प्रश्न त्यांना पडल्यावांचून राहत नाहीं.

हें नांव मोटारीहून जुनें आहे. चार चाकांच्या घोडागाडीचा पुढचा आंस वळणावर फिरावा लागतो. तो फिरावा म्हणून आंस आणि गाडीची बैठक यांच्यामध्यें लोखंडाचें एक आडवें कडें बसवीत. रस्त्याला कधींच न टेकणारें, पालथें पडलेलें असें तें पांचवें चाक. घोडे गेले, मोटारी आल्या, नांव तेवढें मागें राहिलें. १९१४ सालीं डेट्रॉइट येथील ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहारानें फ्रेडरिक सिब्ली नांवाच्या लांकडाच्या व्यापाऱ्याची होडी फोर्ड मोटारीमागून ओढून नेण्यासाठीं एक गाडा बनविला. त्याला ‘सेमी-ट्रेलर’, म्हणजे अर्धा गाडा, असें नांव मिळालें. अर्धा अशासाठीं कीं, त्याच्या पुढच्या अंगाला चाकेंच नव्हतीं. तें अंग ओढणाऱ्या मोटारीवर टेकलेलें असे. विमानविद्येच्या आरंभकाळीं नांव गाजविलेले ग्लेन कर्टिस यांनीं पुढें ‘एअरोकार’ या नांवाचें प्रवासी घर तयार केलें, तेंही याच जातीचें होतें. मोटारीच्या मागच्या भागांत विमानाचें हवा भरलेलें चाक आडवें ठेवून त्यांनीं तो सांधा साधला होता. आज न्हावाशेवा बंदरांतून मोठमोठ्या लोखंडी पेट्या घेऊन निघणाऱ्या गाड्यांचा पुढचा भाग आणि मागचा भाग यांच्यामध्यें जो तेलकट, काळा, घोड्याच्या नालासारखा खांचा असलेला पोलादी तवा दिसतो, तो याच कुळांतला. म्हणजे वस्तु परकी वाटली, तरी तिचा भाऊबंद मुंबईच्या दाराशींच उभा आहे.

या अर्ध्या गाड्याचें मर्म शेतकऱ्याला तर समजावून सांगण्याचीही गरज नाहीं. दोन चाकांची बैलगाडी भरतांना तो ओझें अशा बेतानें रचतो कीं, त्याचा थोडा भाग बैलांच्या मानेवर यावा. तो फार झाला तर बैल दबतात. फार कमी झाला तर गाडी उलाळते, जूं वर उचललें जातें आणि चढावर बैलांच्या गळ्याला फांस बसतो. फिफ्थ व्हीलच्या बाबतींत हा मानेवरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असतो, व अंदाजासाठीं तो २० टक्के धरण्याचा प्रघात आहे. मोटारीच्या अगदीं मागच्या टोकाला गोळ्यावर अडकविल्या जाणाऱ्या साध्या ट्रेलरचा भार १० ते १५ टक्के असतो. टक्के वाढले आणि तरीही प्रवास स्थिर झाला, याचें कारण भार कोठें पडतो यांत आहे. साध्या ट्रेलरचा सांधा मागच्या आंसाच्या कित्येक फूट मागें लोंबतो. बाजूनें वारा लागला किंवा शेजारून मोठी मालगाडी गेली, कीं ट्रेलर डुलतो आणि त्या लांब तरफेच्या जोरावर मोटारीचें मागचें अंगही हिसकतो. खुंट आंसाच्या माथ्यावरच असेल तर ही तरफ उरतच नाहीं. ट्रेलरनें धक्का दिला, तरी तो आंसावर बसतो. मोटारीची दिशा फिरत नाहीं.

या सांध्याला अमेरिकेंत ‘हिच’ म्हणतात. तो विकत घेऊं जाणारा गृहस्थ दुकानांत पहिला प्रश्न विचारतो तो हा कीं, हा किती वजन ओढील? उत्तरही सरळ मिळतें : एक १६,००० पौंड, दुसरा २०,०००, तिसरा २५,०००. मोठा आंकडा पाहून मन निर्धास्त होतें. वस्तुतः हा प्रश्न शेवटचा आहे. सांधा तुटून झालेले अपघात थोडे. ट्रक पेलूं शकत नाहीं एवढें घर त्याच्या पाठीवर टाकून ओढवून घेतलेल्या अडचणी पुष्कळ.

ट्रकच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवर एक लहानशी पाटी चिकटविलेली असते. ट्रकमधील माणसें आणि सामान मिळून किती पौंडांहून अधिक भार असूं नये, तें तिच्यावर छापलेलें असतें. शेजारच्या दुसऱ्या पाटीवर सर्व भारासह ट्रकचें कमाल वजन आणि प्रत्येक आंसाची मर्यादा दिलेली असते. टायरची मर्यादा टायरवरच उमटविलेली असते. हे सर्व आंकडे एकाच वेळीं पाळले गेले पाहिजेत. एक पाळला म्हणून दुसरा माफ होत नाहीं. जाहिरातींत मात्र या सर्वांना वगळून एकच आंकडा ठळक छापतात, तो ओढण्याच्या शक्तीचा. ओढणें हें एंजिनाचें काम आहे आणि पेलणें हें आंस, स्प्रिंगा व टायर यांचें. हीं दोन कामें निराळीं, आणि फिफ्थ व्हीलमध्यें आधीं संपतें तें बहुधा पेलण्याचें बळ.

एका कल्पित कुटुंबाचा हिशेब मांडून पाहिला, तर हें स्पष्ट होईल. समजा, ट्रकचें कमाल वजन १०,००० पौंड आहे. माणसें बसवून, टांकी भरून, हौद्यांत हिच बसवून तो एकटा वजनकाट्यावर नेला, तेव्हां पुढच्या आंसावर ४,६०० आणि मागच्यावर ३,२००, मिळून ७,८०० पौंड भरले. घराच्या माहितीपत्रकांत रिकामें वजन १०,००० व खुंटावरील भार १,८०० पौंड दिला आहे. बेरीज ९,६००. कुटुंब समाधानानें घर विकत घेतें. मग त्यांत भांडीं येतात, अंथरुणें येतात, डबे, खुर्च्या, हत्यारें येतात. पाण्याची ६० गॅलनची टांकी भरली, कीं एकट्या पाण्याचेच ५०० पौंड होतात. घराखालील मोठें कोठार बहुधा पुढच्या अंगाला, चाकांच्या पुढें असतें. तेव्हां त्यांतल्या ओझ्याचा मोठा वांटा खुंटावर येतो. आतां सर्व सामानासह पुन्हां काट्यावर गेलें, तर पुढच्या आंसावर ४,६६०, मागच्यावर ५,५४० आणि ट्रेलरच्या चाकांवर ९,६०० असे आंकडे दिसतात. ट्रकचें वजन १०,२०० झालें. त्यांतून पूर्वींचे ७,८०० वजा केले, म्हणजे खुंटावर २,४०० पौंड बसले. घराचें खरें वजन १२,०००, आणि भार बरोबर वीस टक्के. कोणीही गैरवाजवी सामान भरलेलें नाहीं, तरी ट्रक दोनशे पौंडांनीं मर्यादेबाहेर गेला. या वेळीं २०,००० पौंड पेलणारा हिच २५,००० चा केला, तर लाभ कांहींच नाहीं; उलट तो जड असल्यास तितके पौंड आणखी गेले.

मागचा भाग दबलेला दिसूं लागला, म्हणजे हवेच्या पिशव्या किंवा जादा स्प्रिंगा बसविण्याचा सल्ला हटकून मिळतो. त्यांनीं ट्रक वर उचलला जातो आणि दिसतोही नीट. पण दारावरच्या पाटीवरील आंकडा एका पौंडानेंही वाढत नाहीं. या कुटुंबासमोर खरे मार्ग दोनच : लहान घर, किंवा अधिक दमाचा ट्रक. अमेरिकेंत ट्रकांना अर्धा टनी, पाऊण टनी, एक टनी अशीं जुनीं नांवें अद्याप चालतात, पण त्या टनांचा आजच्या भारक्षमतेशीं अक्षरशः संबंध राहिलेला नाहीं. बारा हजार पौंडांचें घर अर्धा टनी ट्रकवर घालणें बहुधा अशक्य; त्याहून मोठ्या घरांसाठीं मागच्या आंसावर चार चाकें असलेला एक टनी ट्रकच योग्य ठरतो. रिकाम्या वजनावर व्यवहार न करतां ट्रेलरच्या स्वतःच्या पाटीवरील कमाल वजनाचे वीस टक्के धरून चालणें, हा कंजूष वाटणारा हिशेबच शहाणपणाचा. हा निर्णय झाला, म्हणजे मग सांध्याकडे वळावें.

सांधा ट्रकला कसा जडवावयाचा, याच्या तीन पद्धती प्रचारांत आहेत. जुनी पद्धत रुळांची. हौद्याच्या तळावर दोन आडव्या पोलादी पट्ट्या ठेवून त्या खालच्या सांगाड्याला बोल्टांनीं आवळतात आणि त्यांच्या खांचांत हिचचे पाय बसवितात. ही स्वस्त व कोणत्याही ट्रकला चालणारी. मात्र हिच काढून ठेवला तरी पट्ट्या तळावर राहतात आणि एरवीं हौद्यांतून माल सरकवितांना आडव्या येतात. दुसरी पद्धत ट्रकच्या कारखान्यांतच केलेल्या सोयीची. सांगाड्याला जडविलेलीं चार बिळें हौद्याच्या तळांत असतात व हिचचे पाय त्यांत घालून फिरविले कीं काम झालें. नवा ट्रक घेतांनाच ही सोय मागून घेणें उत्तम. तथापि प्रत्येक कंपनीच्या बिळांचीं मापें निराळीं असल्यामुळें एका ट्रकचा हिच दुसऱ्याला लागेलच असें नाहीं. तिसऱ्या पद्धतींत हौद्याखालीं एक मजबूत तुळई असते आणि मध्यभागीं एकच भोंक. त्यांत एक जाड दांडा आवळून त्यावर हिच उभा करतात. तो काढला, कीं हौदा पूर्ववत् सपाट.

याच मधल्या भोंकांत शेती-कामाच्या ट्रेलरांसाठीं गोळा बसवितात. त्यामुळें एक मोह उत्पन्न होतो. घराच्या खुंटाला खालीं लांब नळा जोडावा आणि तोच या गोळ्यावर टेकवावा, म्हणजे हौद्यांत जड हिच नकोच. युक्ति हलकी आणि स्वस्त आहे खरी, पण तिच्यांत तरफेचा नियम विसरला जातो. मूळच्या योजनेंत ओढीचा जोर खुंटाच्या टोकावर, घराच्या सांगाड्याच्या जवळ, लागतो. नळ्यामुळें तो फूट-दीड फूट खालीं लागूं लागतो. तितक्या प्रमाणांत प्रत्येक ब्रेकच्या वेळीं, प्रत्येक धक्क्याला, घराच्या पुढच्या सांगाड्याचे डाग अधिक पिळले जातात. सांगाडा बनविणारे कारखानदार असल्या नळ्यांविषयीं कडक असतात, व परवानगीवांचून नळा लावल्यास हमी रद्द होण्याचा संभव असतो. म्हणून ट्रेलरचा कागद वाचल्याखेरीज हा मार्ग धरूं नये. हौद्यांत जागा हवी म्हणून घराचा सांगाडा पणाला लावणें हा सौदा महागांत पडणारा आहे.

हिचच्या माथ्यावरील तव्याच्या खांचेंत दोन इंच जाडीचा पोलादी खुंट शिरतो आणि जबडा मिटतो. या खुंटाला ‘किंगपिन’ म्हणतात. स्वस्त हिचमध्यें खुंटाच्या मागून एक आडवी पट्टी सरकते, एवढेंच. चांगल्या हिचमध्यें दोन जबडे खुंटाला सर्व बाजूंनीं कवटाळतात. त्यामुळें खुंट आंत खडखडत नाहीं, आणि खडखड नसल्यानें गाडी सुरू होतांना व थांबतांना पाठीला बसणारे बारीक हिसकेही कमी होतात. तवा पुढें-मागें झुकणारा तर असावाच; तो डाव्या-उजव्या अंगालाही झुकणारा असल्यास उत्तम. ट्रक रस्त्यावर आणि घर मुक्कामाच्या खडबडीत जमिनीवर अशा तिरक्या स्थितींत जोडणी-सोडणी करावी लागते, तेव्हां याचें मोल कळतें. याहून अधिक सुखासाठीं हवेच्या उशीवर बसविलेले हिच मिळतात. कंबर दुखरी असणाऱ्यांना ते मानवतात, इतरांना ती चैन आहे.

खुंट बरोबर कोठें यावा? मागच्या आंसाच्या माथ्यावर किंवा त्याच्या किंचित् पुढें. वरील हिशेबांत पुढच्या आंसावर ६० पौंड वाढले, ते यामुळेंच. दोन आंसांमधील अंतर १६० इंच व खुंट ४ इंच पुढें असेल, तर २,४०० पौंडांचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे ६० पौंड, पुढें जातो. खुंट मागें सरकला, तर हाच हिशेब उलटतो. पुढचीं चाकें हलकीं होतात आणि सुकाणू हातांत असूनही गाडी ऐकेनाशी होते. बैलगाडीच्या उलाळण्याचाच हा प्रकार.

लांब हौद्याच्या, म्हणजे आठ फुटी, ट्रकांत यामुळें अडचण येत नाहीं. परंतु हल्लीं कुटुंबवत्सल ट्रकांत बसण्याची जागा वाढली आणि हौदा साडेसहा किंवा साडेपांच फुटांवर आला. घराची रुंदी आठ ते साडेआठ फूट. साडेआठ फूट धरली, तर खुंटापासून घराची बाजू ५१ इंचांवर येते. खुंटापासून ट्रकच्या बैठकीची मागची कांच याहून जवळ असली आणि गाडी काटकोनांत वळविली, तर घराचा कोपरा त्या कांचेंतून आंत येण्याचा संभव असतो. नव्या घरांचे पुढचे कोपरे गोल किंवा खांचलेले असतात, ते याच भयानें. पण त्यांनीं धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं. यावर उपाय सरकत्या हिचचा. साध्या सरकत्या हिचमध्यें चालकानें खालीं उतरावें, ट्रेलरचीं चाकें अडवावीं, खटका सोडावा आणि ट्रक हळूच पुढें घ्यावा. मग खुंट दहा-बारा इंच मागें जातो. ही स्थिति मुक्कामाच्या जागेंत मागेंपुढें करण्यापुरती. हमरस्त्याला लागण्यापूर्वीं तो पुन्हां पुढें आणलाच पाहिजे. दुसरा प्रकार आपोआप सरकणारा. ट्रक वळूं लागला, कीं हा स्वतःच मागें जातो व सरळ झाला कीं पुढें येतो. तो महाग आहे व वजनदारही, आणि ते पौंड पुन्हां दारावरच्या पाटीतूनच खर्च होतात. तथापि साडेपांच फुटी हौद्यासाठीं पैसे येथेंच खर्चावेत. कारण साधा सरकता हिच माणसाच्या आठवणीवर चालतो, आणि दिवसभर गाडी हांकून संध्याकाळीं अंधारांत जागा शोधणाऱ्या चालकाच्या आठवणीचा भरंवसा कोणी देऊं नये. घराच्या खुंटाचा खोकाच असा बदलतां येतो कीं, वळण्याचा बिंदु बराच मागें जातो. तीही एक सोय आहे.

उंचीचा प्रश्न त्या मानानें लहान, पण दुर्लक्षिला जाणारा. हौद्याच्या कडा आणि वर ओणवलेलें घर यांच्यामध्यें निदान पांच-सहा इंच मोकळे हवेत; नाहींतर एखाद्या उतारावर, एक चाक खड्ड्यांत गेलें कीं, घर कडेवर बसतें आणि पत्रा दुमडतो. त्यासाठीं हिच उंच केला, तर घराचें नाक वर जातें, शेपूट खालीं येतें आणि दोन आंसांपैकीं मागच्या आंसाच्या टायरांवर जादा भार पडून ते तापतात. ट्रक उंच व घर जुनें असल्यास ही ओढाताण विशेष जाणवते. अशा वेळीं हिचऐवजीं घराच्या स्प्रिंगांखालीं उंची वाढवून घेणें बरें, व तें जाणत्या कारागिराकडून.

आतां जोडणीची क्रिया. ट्रेलरचीं चाकें अडवून ठेवावींत आणि ट्रकच्या हौद्याचें मागचें फळकूट खालीं पाडावें किंवा काढून ठेवावें. तें विसरून वांकलेलीं फळकुटें थोडीं नाहींत. घराच्या तळाचा तवा हिचच्या तव्याहून सुमारें अर्धा इंच खालीं असावा, म्हणजे ट्रक मागें येतांना तो चढून घट्ट टेकतो. घर अधिक उंच राहिलें, तर खुंटाचें नुसतें टोक जबड्याच्या वर बसतें, दांडा मिटल्यासारखा दिसतो, आणि वस्तुतः कांहींच पकडलेलें नसतें. यासाठीं दांडा पाहून थांबूं नये. हातदिवा घेऊन दोन्ही तव्यांमध्यें फट नाहीं आणि जबडा खुंटाच्या मानेमागें मिटला आहे, हें डोळ्यांनीं पाहावें. मग विजेची तार जोडावी. ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक पोलादी दोरी असते, ती ट्रकच्या अंगाला बांधावी. हिचला बांधली आणि हिचच उखडला, तर ती दोरी हिचबरोबरच जाईल आणि ब्रेक लागणार नाहींत.

शेवटची परीक्षा ओढून पाहण्याची. चाकांचे अडसर तसेच ठेवावे, घराचे पुढचे पाय जमिनीपासून इंच-दीड इंच उचलावे, अधिक नाहीं. ट्रेलरचे ब्रेक हातानें लावावे आणि ट्रक पुढें घेण्याचा हळूच प्रयत्न करावा. जबडा खरोखर मिटला असेल तर ट्रक जागींच अडतो. नसेल, तर खुंट निसटून घर खालीं येतें. पण पाय अद्याप खालींच असल्यामुळें तें इंच-दीड इंच उतरून पायांवर टेकतें, हौद्याच्या कडांवर आदळत नाहीं.